कवळीसाठी काढलेला ओपीजी आणि आईच्या कंबरेचं हाड

आधी प्रश्न थोडक्यात. ठाण्याच्या एका गृहस्थांच्या आईचं वय ६३. खालच्या मागच्या दाढा गेलेल्या, कवळी बसवायची की इम्प्लांट हे ठरवायला डेंटिस्टने ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र मोठा एक्स-रे, काढला. तो बघून डॉक्टर म्हणाले, "खालच्या जबड्याच्या हाडाचं कवच पातळ आणि खरबरीत दिसतंय, एकदा डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजायची तपासणी, करून घ्या." शिवाय वरच्या डाव्या बाजूला तुटलेल्या दाढेच्या मुळाचा एक तुकडा राहिलाय, "तो दुखत नाही तर राहू दे" असंही म्हणाले. आईला कंबर दुखत नाही, काही नाही. मुलाची शंका अशी की दाताच्या एक्स-रेवरून कंबरेच्या हाडाचं कसं कळतं? आणि हे खरं आहे, की एक टेस्ट वाढवून मागताहेत?

तुमच्या डेंटिस्टने डेक्साचं सांगितलं ते बरोबरच आहे. मुळाच्या तुकड्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, ते शेवटी सांगते.

मी नागपूरला ओरल रेडिओलॉजीचं काम करते. सुरुवातीची काही वर्षं कॉलेजात शिकवलं, आता फक्त रिपोर्टिंग. ओल्या फिल्म क्लिपला लटकवून वाळवायच्या आणि मग लाइटबॉक्सवर लावायच्या, तेव्हापासून आजवर किती जबडे बघितले याचा हिशोब नाही. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. ओपीजी आला की सगळ्यांची नजर सरळ दातांवर जाते. कीड कुठे, पू कुठे, अक्कलदाढ आडवी आहे का. ज्या हाडात हे दात उभे आहेत त्या हाडाकडे बघायला कुणाला सवड नसते. जबडा हा मांडीच्या, कंबरेच्या हाडांचाच भाऊबंद आहे. रक्त तेच, हार्मोन तीच, मूत्रपिंडं तीच. फरक इतकाच, की कंबरेचा एक्स-रे दुखल्याशिवाय कुणी काढत नाही, आणि जबड्याचा मात्र कवळी, ब्रेसेस, अक्कलदाढ अशा कुठल्याही निमित्ताने निघतो.

जबड्यात काहीतरी वेगळं दिसलं की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारते: हे एकाच ठिकाणी आहे की सगळीकडे? एका दाढेच्या मुळाशी काळा डाग असेल तर तो त्या दाढेचा उद्योग. पण तोच बदल डावीकडे, उजवीकडे, निरोगी दातांभोवती, दात नसलेल्या जागीसुद्धा दिसत असेल, तर कारण तोंडाच्या बाहेर शोधायचं. शिकाऊ डॉक्टरांना मी सांगायचे, उजवी बाजू बघून झाली की लगेच डावी बघा, मगच तोंड उघडा.

आता तुमच्या आईच्या ओपीजीकडे वळू. तुम्ही फोटो पाठवलेला नाही, पण कुठे बघायचं ते सांगते, घरी स्वतःही बघता येईल. खालच्या जबड्याची अगदी खालची कड धरा. तिथे हनुवटीपासून कानाकडे जाणारी पांढरी जाड पट्टी दिसेल. हे हाडाचं बाहेरचं टणक कवच, आमच्या भाषेत कॉर्टेक्स. आता खालच्या उपदाढांच्या मुळांखाली एक बारीक काळसर ठिपका शोधा. ते मेंटल फोरामेन, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस तिथून बाहेर पडते. त्या ठिपक्यातून सरळ खाली, जबड्याच्या कडेला काटकोनात रेघ ओढायची आणि तिथे पांढऱ्या पट्टीची जाडी मोजायची.

नेमकी तीच जागा का? दातांच्या लगतचं हाड मोजून उपयोग नसतो, कारण दात काढला की ते झिजतं, पायोरिया झाला की झिजतं, कवळीच्या दाबानेही झिजतं. खालची कड या भानगडींपासून बरीच लांब. मागे जबड्याच्या कोपऱ्याशी मोजावं तर तिथे चावायचा मोठा स्नायू चिकटलेला असतो, तो हाड ओढून ओढून जाड करतो. वरच्या जबड्यात सायनस, नाक, टाळू यांच्या सावल्या एकावर एक पडतात. मधली ही जागा त्यातल्या त्यात निवांत असते.

निरोगी माणसात ही पट्टी चांगली जाड असते आणि तिची आतली किनार नव्या साडीच्या काठासारखी सरळ, स्वच्छ दिसते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाड खाणाऱ्या पेशी हाड बांधणाऱ्या पेशींच्या पुढे धावू लागतात, आणि त्या पोखरायला सुरुवात करतात ती आतून, मज्जेच्या बाजूने. त्यामुळे आधी आतल्या किनारीला अर्धगोल खाचा पडतात, जशी ट्रंकेत ठेवलेल्या लुगड्याला कसर लागावी तशी. पुढे पट्टीचे थर सुटे होतात, मध्ये काळ्या फटी दिसतात, आणि शेवटी काठ कुठे संपतो आणि पदर कुठे सुरू होतो तेच कळत नाही. सरळ, स्वच्छ काठ तो सी१, खाचा पडलेला सी२, आणि थर सुटून विरलेला सी३, अशी यांना नावं आहेत. फिनलंडच्या क्लेमेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली पाळी गेलेल्या स्त्रियांचे ओपीजी बघून ही वर्गवारी मांडली. ओपीजीचं तंत्रही फिनलंडच्याच पाटेरो यांनी उभं केलं होतं, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. तुमच्या डॉक्टरांनी "खरबरीत" हा शब्द वापरला, म्हणजे त्यांनी बहुधा सी२ किंवा सी३ बघितलं.

पुढे युरोपात ऑस्टिओडेंट नावाचा प्रकल्प झाला. मँचेस्टर, लूव्हेन, माल्मो, अथेन्स अशा केंद्रांत ४५ ते ७० वर्षांच्या ६७१ स्त्रियांचे ओपीजी आणि डेक्सा शेजारी शेजारी ठेवून तपासले गेले. जपानमध्ये अकिरा तागुची यांनी याच विषयाला आयुष्य दिलं. या सगळ्यातून हाताशी आलेला आकडा म्हणजे ३ मिलिमीटर. मेंटल फोरामेनखालची पट्टी ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर त्या बाईला डेक्सासाठी पाठवावं. उलट बाजू मात्र खरी धरायची नाही. पट्टी जाड आहे म्हणून कंबर शाबूत, असं म्हणता येत नाही. ठिसूळ हाडं असलेल्या बऱ्याच बायकांची पट्टी चांगली जाड निघते. म्हणून ओपीजी हा गावातल्या कोतवालासारखा समजा. त्याने दवंडी पिटली तर बाहेर येऊन बघा, पण तो गप्प आहे म्हणून दार उघडं टाकून झोपू नका.

आणि ३ मिलिमीटर म्हणजे पडद्यावर पट्टी लावून मोजलेले ३ नव्हेत. ओपीजीत चित्र मोठं होऊन येतं, मशीनप्रमाणे साधारण २० ते ३० टक्के. सॉफ्टवेअरमध्ये ते दुरुस्त केलं नसेल तर खरे २.८ तिथे ३.५ दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ओपीजीच्या फोटोवर मी मोजमाप देत नाही ते यामुळेच. मान वाकडी ठेवून काढलेल्या ओपीजीत तर एक बाजू जाड आणि दुसरी बारीक येते. बाई थकलेल्या असतात, हनुवटी टेकवायच्या पट्टीवर नीट टेकत नाहीत, तंत्रज्ञाला पुढचा पेशंट दिसत असतो.

ठिसूळपणाचं निदान करायचं ते डेक्सानेच. कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात, तरुण निरोगी माणसाशी तुलना करून टी-स्कोअर येतो. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली घालून दिलेली रेघ. आईला दुखत नाही म्हणता, पण या आजारात दुखतच नाही. मोरीत पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडतो तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

काही जण विचारतात, मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमिती स्कॅन, काढून थेट घनताच का मोजत नाही? सीबीसीटीत प्रत्येक बिंदूला आकडा असतो खरा, पण तो मशीनप्रमाणे, चित्राच्या आवाक्याप्रमाणे, एवढंच काय तोंडात धातूची टोपी असेल तर तिच्यामुळेही बदलतो. तो आकडा डेक्साच्या जागी वापरू नये. इम्प्लांटसाठी काढायचाच असेल तर काढा, त्यात कवच त्रिमितीत छान दिसतं. पण नुसतं हाड ठिसूळ आहे का हे बघायला नको.

बाहेरच्या कवचाइतकीच बोलकी दुसरी खूण दाताच्या मुळाभोवती असते. छोट्या एक्स-रेत प्रत्येक मुळाला लागून एक बारीक पांढरी रेघ दिसते, जणू टोकदार पेन्सिलने मूळ गिरवलंय. तिचं नाव लॅमिना ड्यूरा. ती खोबणीची भिंत, किरण तिला लगटून जातात म्हणून ती रेघ उठते. किरणांचा कोन चुकला तर निरोगी माणसातही एखाद्या दाताची रेघ पुसट होते. म्हणून एका दातावरून काही बोलायचं नाही. पण सगळ्याच दातांची रेघ पुसली गेली असेल आणि मागचं हाड दुधी काचेसारखं धुरकट झालं असेल, तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींची आठवण यायलाच हवी.

मला ती वेळेवर आली नव्हती. फार वर्षांपूर्वी यवतमाळकडची एक पस्तिशीतली बाई आली. खालच्या जबड्याला पुढे बोराएवढी गाठ. माझ्याकडे छोटा एक्स-रे आला, मी गाठीचं वर्णन लिहिलं, कड कशी, आत पडदे कसे, दातांची मुळं किती सरकली. सगळं पुस्तकात असतं तसं. एका रुग्णालयात गाठ खरवडून काढली, तपासणीत जायंट सेल, म्हणजे नेहमीपेक्षा खूप मोठ्या पेशी, असलेली गाठ निघाली, प्रकरण मिटलं. दहा महिन्यांनी ती परत आली, तीच गाठ, आणि आता वरच्या जबड्यातही दुसरी. या वेळी ओपीजी काढला होता. मी गाठीवर बोट ठेवणार तेवढ्यात नजर बाजूच्या चांगल्या दाढांवर गेली. एकाही मुळाला रेघ नव्हती. मी तिची जुनी फिल्म शोधून काढली आणि लाइटबॉक्सवर लावली. तिच्यातही रेघ नव्हती. मी बघितलं होतं फक्त गाठीकडे.

मग तिला विचारलं, कधी मुतखडा झाला होता का? तर दोनदा. हाडं दुखतात का? तर "ते तं नेहमीचंच बाई". रक्तातलं कॅल्शियम १२ च्या वर आलं, वरची मर्यादा साधारण साडेदहा. पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, कितीतरी पट चढलेलं. या ग्रंथी चार असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या. त्यातली एक बहुधा गाठ होऊन फुगते आणि हार्मोन ओतत राहते. हार्मोन हाडांना हुकूम देतं, कॅल्शियम सोडा, आणि हाडं निमूटपणे सोडतात. जबड्यातली गाठ ही त्या पोखरण्याचीच एक जागा, तिला ब्राऊन ट्यूमर म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती साध्या जायंट सेल गाठीसारखी हुबेहूब दिसते, पॅथॉलॉजिस्टला दोष देता येत नाही. फरक फक्त रक्तात कळतो. तिच्या गळ्यातली ग्रंथी काढली, जबड्याला कुणी हात लावला नाही, आणि वर्षभरात दोन्ही पोकळ्या हाडाने भरत आल्या. तेव्हापासून जायंट सेल हे शब्द रिपोर्टात दिसले की मी कॅल्शियम आणि पीटीएच तपासा असं लिहिल्याशिवाय सही करत नाही. मात्र रेघ शाबूत आहे म्हणून हा आजार नाही असंही कुणी समजू नये, थोड्याच रुग्णांत ती इतकी पूर्ण पुसली जाते.

याच बाईच्या फिल्ममध्ये आणखी एक गोष्ट होती. हाड धुरकट, पण दात मात्र ठळक पांढरे, जणू धुक्यात उभे केलेले खांब. शरीराला कॅल्शियम हवं असलं की ते हाडातून घेतं, तयार झालेल्या दातातून घेत नाही. बाळंतपणात बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, "एक मूल, एक दात", असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खोटं आहे. गरोदरपणी दात खराब होतात ते हिरड्या सुजल्याने, उलट्यांमधल्या आम्लाने आणि ब्रश करायला मळमळतं म्हणून.

मूत्रपिंडं निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या लोकांतही पॅराथायरॉइड असाच पेटतो, फक्त उलट्या वाटेने. फॉस्फेट साचतं, व्हिटॅमिन डी सक्रिय होत नाही, ग्रंथी भडकतात. रेघा पुसट, हाडाच्या आतली जाळी धुरकट, आणि फार वर्षं चाललं तर जबडे चक्क मोठे होतात, दातांत फटी पडतात. पेशंट म्हणतो, कवळी घट्ट व्हायला लागली.

विदर्भात राहून सिकलसेलवर लिहिलं नाही तर चुकल्यासारखं होईल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, इकडे सातपुड्यात नंदुरबार, इथे हा आजार घराघरांत आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर मरतात, मग मज्जा दुप्पट कामाला लागते, जागा मिळावी म्हणून हाडाच्या आतली जाळी विरळ करते. उरलेल्या काड्या दाढांच्या मुळांमध्ये आडव्या, एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. शिडीसारख्या. पुस्तकात ही शिडी मोठ्या हौसेने छापलेली असते, पण निरोगी माणसातही ती अधूनमधून दिसते, तेव्हा शिडी दिसली की सिकलसेल असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

माझ्याकडे एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आली होती, खालची डावी बाजू दुखते म्हणून. दोन दवाखान्यांत एकाच दाढेवर बोट ठेवलेलं, तिसऱ्याने रूट कॅनलसाठी एक्स-रेला पाठवलेलं. दाढेला कीड नाही, चीर नाही, काही नाही. मी सहज विचारलं, ओठाला मुंग्या येतात का? तिने हनुवटीची डावी बाजू चिमटीत धरली आणि म्हणाली, "इथं कळतच नाही". ओपीजीत दोन्ही बाजूंना विरळ जाळी, शिडी, आणि डाव्या बाजूला नस ज्या नळीतून जाते तिच्यालगत एक पुसट धूसर पट्टा. मी आईला विचारलं, हिला दुसरा काही आजार? आईने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल काढली, सिकलसेलची. तोवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिने दाखवली नव्हती. वाकड्या पेशींनी जबड्यातली बारीक रक्तवाहिनी बुजवली होती, हाडाचा तेवढा तुकडा उपाशी पडला होता, आणि जवळून जाणारी नस बधिर. तिला भरपूर पाणी, वेदनाशामक आणि रक्ताच्या डॉक्टरांची गरज होती. ती दाढ पुढे निकामी होऊ शकते, या आजारात किडीशिवायही दात मरतात, पण त्या दिवशी तिला टोचून काही साधणार नव्हतं. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, गावोगाव तपासण्या होतात. दाताच्या खुर्चीतही एक प्रश्न विचारायला हरकत नसावी.

थॅलेसेमियात हीच मज्जेची धावपळ वरच्या जबड्यात जास्त दिसते. गालाची हाडं वर येतात, पुढचे दात बाहेर, सायनस बारीक. नियमित रक्त मिळालेल्या मुलांत हे आता कमी दिसतं. कातडी ताठ करणाऱ्या स्क्लेरोडर्मात मुळांभोवतीची काळी फट सगळीकडे सारखी रुंद होते, आणि दात मात्र हलत नाहीत. मायलोमात, म्हणजे मज्जेच्या कॅन्सरमध्ये, हाडात पंचिंग मशीनने पाडल्यासारखी गोल भोकं पडतात. लहान मुलाचे दुधाचे दात न झिजता, मुळासकट, चौथ्या वर्षाआधीच पडले तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. चंद्रपूर-यवतमाळच्या फ्लोराइडवाल्या पाण्याने दातांवर येणारे तपकिरी पट्टे तर एक्स-रेशिवायच दिसतात.

मधुमेहाचं लोक सगळ्यात जास्त विचारतात, आणि त्यांना माझं उत्तर आवडत नाही. एक्स-रे बघून मधुमेह आहे असं सांगता येत नाही. साखर बेताल असली की पायोरिया जोरात चालतो, दातांभोवतीचं हाड लवकर खाली जातं, हे खरं. हिरड्या सुधारल्या की साखरेलाही थोडा हातभार लागतो, हेही खरं. पण तेच हाड तंबाखूने जातं, ब्रश न केल्याने जातं. वयाच्या मानाने हाड फारच गेलेलं दिसलं तर मी एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर, करून घ्या असं लिहिते.

आता थोडं आमच्या लोकांसाठी, कारण या विषयावर थीसिस घेतलेल्या एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर, मुलांचे फोन मला दर वर्षी येतात. मधुमेही पन्नास, निरोगी पन्नास, दोघांचे ओपीजी, एकाची पट्टी जाड, एकाची बारीक, संपला थीसिस. अरे पण दोन्ही गटांचं वय सारखं आहे का? बायका किती, त्यातल्या पाळी गेलेल्या किती? तोंडात दात किती उरलेत? ओपीजी एकाच मशीनवर काढलेत का? ज्याने मोजलं त्याला पेशंट कुठल्या गटातला हे माहीत होतं का? माहीत असेल तर कर्सर आपोआप अर्धा मिलिमीटर सरकतो, मुद्दाम कुणी खोटं करत नसलं तरी. सगळ्या फिल्म दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, दुसऱ्यालाही मोजायला द्या, आणि तुमचं तुमच्याशी किती जुळतं ते आधी छापा. सी१ आणि सी२ मधली हद्द तर इतकी निसरडी आहे की मी स्वतः सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं म्हणू शकते.

फ्रॅक्टल विश्लेषणाचंही तसंच, म्हणजे हाडाच्या जाळीची गुंतागुंत एका आकड्यात सांगायची रीत. जाळीचा चौकोन कापायचा, धूसर करून मूळ चित्रातून वजा करायचा, काळं-पांढरं करायचं, पांढऱ्या काड्यांचा सांगाडा काढायचा आणि चौकटी मोजून आकडा मिळवायचा. व्हाइट आणि रुडॉल्फ यांनी १९९९ साली दाखवलेली ही रीत मोफत सॉफ्टवेअरमध्ये कुणालाही करता येते, म्हणूनच तिचा सुळसुळाट झालाय. पण चौकोन दोन मिलिमीटर सरकला, मुळाचं टोक आत आलं, तरी आकडा बदलतो. एका अभ्यासात ठिसूळ हाडात तो आकडा कमी निघतो, दुसऱ्यात फरकच निघत नाही. मोजायचंच असेल तर पट्टीची जाडी सोबत मोजा. आणि एक विनंती: थीसिससाठी म्हणून नवा ओपीजी काढू नका. डोस थोडा आहे, साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट, निसर्गातून आपल्याला दोन-चार दिवसांत मिळतो तेवढाच. पण पेशंटला ज्याचा फायदा नाही तो थोडाही का द्यायचा? कॉलेजच्या संगणकात हजारो ओपीजी पडून आहेत.

ठाणेकरांनो, तुमच्याकडे परत येते. ओपीजीचा प्रिंट पुरे नाही, सेंटरकडून मूळ डिजिटल फाइल मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. आईचा पाच-सात वर्षांपूर्वीचा एखादा ओपीजी घरात असेल तर तो सोन्यासारखा जपा. एका चित्रावर वाद घालता येतो, पण दोन चित्रांमधली झीज दिसली की वाद संपतो. डेक्सा कंबर आणि खुबा दोन्हीचा करा, नुसत्या टाचेची घनता मोजणाऱ्या मोफत शिबिरावर थांबू नका. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन, थायरॉइड हे डॉक्टर सांगतीलच. पीटीएचचं नाव निघालं नाही तर तुम्ही विचारा. पूर्वी कधी दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्या असतील तर तेही सांगा, बायका अशा गोष्टी सांगायच्या विसरतात. हाड ठिसूळ निघालं म्हणून इम्प्लांट बाद होत नाही, तो निर्णय जागेवरचं हाड बघून घेतात.

राहिला मुळाचा तुकडा. डेक्सा खराब आला तर डॉक्टर बहुधा झोलेड्रॉनेटचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, नाहीतर डेनोसुमॅबचं सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, किंवा आठवड्याची गोळी सुचवतील. ही औषधं हाड खाणाऱ्या पेशींना आवरतात, खुबा वाचवतात. पण त्याच पेशी दात काढल्यावरची जखम साफसूफ करायलाही लागतात. २००३ साली अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी अशा औषधांवरच्या रुग्णांत जबड्याचं हाड उघडं पडून मरत असल्याचं पहिल्यांदा लक्षात आणून दिलं. धोका मुख्यतः कॅन्सरसाठी दर महिन्याला मोठा डोस घेणाऱ्यांना, ठिसूळपणाच्या डोसात तो फारच कमी. तरी एक्स-रेत मी बघते, दात काढून वर्ष झालं तरी खोबणी तशीच्या तशी रिकामी दिसते, तिच्या भिंतीची पांढरी रेघ जाड झालेली. ती पहिली खूण. म्हणून घाबरून औषध नाकारू नका, आणि डेनोसुमॅब सुरू झालं तर दातासाठी म्हणून ते परस्पर बंद तर मुळीच करू नका. ते अचानक थांबवलं की मणके मोडू शकतात.

आईचा तो वरचा डावा तुकडा आज दुखत नाही, पण दोन वर्षांनी पिकला तर तो इंजेक्शन चालू असताना काढावा लागेल. डेक्साचा निकाल येईपर्यंत तुमच्या हातात आठवडा-दोन आठवडे आहेत. डेंटिस्टला फोन करा, बीपी-शुगर बघून घ्या, आणि इंजेक्शनची तारीख ठरवण्याआधी तो काढून जखम भरू द्या.